पारशिवनीची उष्टी भाजी

मी नागपूरला शेफची नोकरी मिळवायला गेलो आणि मारुतीच्या नैवेद्याची भाजी मारुतीच्या आधी चाखली.

चूक एवढीच. एका चमच्याची. पण ती बातमी माझ्याआधी वेंगुर्ल्याला येऊन पोचली आणि वाटेत तिच्यात बरंच वाटण पडलं. इथं बाजारात कोणी विचारतं, मी खरंच देवळात शिरून नैवेद्याचं ताट उचललं का? कोणाला कळलंय की मला खांबाला बांधलं होतं. तेव्हा झालं तसं लिहून टाकलेलं बरं. शिवाय आपल्याकडचं कोणी नागपूरला जात नाही. गेलंच तर संत्री घेऊन परत येतं आणि प्रवास संपला म्हणतं.

मी मुंबईला हॉटेलच्या स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण घेतलं, हे वडिलांनी गावात कोणाला धड सांगितलं नाही. "शेफ म्हणजे इंग्रजीत आचारीच ना?" असं त्यांनी एकदाच विचारलं आणि माझं उत्तर ऐकून घेतलं नाही. त्यांनी ओळखीनं माझ्यासाठी जिल्हा परिषदेत कारकुनाची जागा धरून ठेवली होती, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी. मुंबईच्या हॉटेलांत मी कांदे सोलण्यापलीकडे गेलो नव्हतो. त्यामुळे या खेपेला नागपूरला नोकरी लागली तर मी शेफ, नाहीतर मुकाट्यानं येऊन त्या रुमालावर बसायचं, असं ठरलं. मी ट्रंकेत पांढरा कोट, उंच टोपी, सुऱ्या आणि आईनं दिलेली कोकमं भरली आणि वैशाखात नागपूरला निघालो. वैशाखात नागपूरला कोणी जात नाही, हे मला गाडीत प्रत्येकानं सांगितलं.

कोराडी

मला बोलावणारा माझा वर्गमित्र मेश्राम. आमच्या वर्गात तो एकटाच कांदा चिरताना रडत नसे. आता तो कोराडीच्या वीजकेंद्राजवळ एका कॅन्टीनमध्ये आहे आणि तिथल्याच वसाहतीत राहतो. वसाहत नवी, रस्ते सरळ, झाडं अजून माणसाच्या कमरेएवढी, आणि वर धुरांड्या. कोळशाचे ट्रक दिवसभर जा-ये करतात. आपल्याकडे खिडकीत सकाळी खाऱ्या हवेचा ओलावा असतो, तिथं राखेचा थर असतो. मेश्रामची बायको त्यावर बोटानं हिशेब मांडते आणि मग पुसून टाकते.

मुलाखतीला शुभ्र कोट हवा म्हणून मी पहिल्याच दिवशी तो धुऊन, नीळ देऊन दोरीवर टाकला. मेश्राम दारात उभा राहून बघत होता.

"हे काहून धुऊन राहिला गा तू?"

मी म्हटलं, स्वच्छता हा आपल्या धंद्याचा पाया आहे. तो बरं म्हणाला आणि आत गेला. संध्याकाळी कोट उतरवला तर तो पारव्या रंगाचा झाला होता. परत धुतला, परत तेच. तिसऱ्यांदा मी तो घरात वाळवला आणि मेश्रामच्या घरातला एकुलता एक पंखा त्याच्यासाठी अडवला. त्या रात्री आम्ही सगळे कोटाच्या कडेकडेनं झोपलो.

मेश्रामनं माझ्यासाठी जो मालक पाहून ठेवला होता, त्याचं नाव हरिभाऊ. सक्करदऱ्याला त्यांची लाकडाची टाल होती. मेश्रामच्या कॅन्टीनला जळण तिथूनच जायचं. चुलीचं लाकूड विकता विकता हरिभाऊंना चुलीवरच धंदा सुचला. टालीच्या शेजारी त्यांनी हॉटेल बांधायला काढलं होतं आणि त्यांना 'शिकलेला' माणूस हवा होता. मी मेश्रामला विचारलं की मग तू का नाही जात? तो म्हणाला, कॅन्टीनमध्ये त्याला क्वार्टर आहे, पगार आहे आणि जेवणाला नावं ठेवणारे लोक रोज तेच असल्यामुळे त्यांची सवय झाली आहे.

सक्करदरा

नागपूरच्या उन्हात माणसं डोक्याला, कानाला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतात. फक्त डोळे दिसतात. सुरुवातीला मला वाटलं की आपण दरोडेखोरांच्या गावात आलो. मेश्रामनं मलाही तसं बांधलं आणि लू लागू नये म्हणून खिशात एक कांदा ठेवला. अशा थाटात, आत तरीही राखाडीच राहिलेला कोट आणि हातात टोपी घेऊन, मी मुलाखतीला गेलो.

हरिभाऊ लाकडाच्या ओंडक्यावर बसले होते. मोठा माणूस, बारीक आवाज. शेजारी खाटेवर त्यांची आई. तिला सगळे गंगामाय म्हणतात. हरिभाऊ बोलताना दर वाक्यानंतर तिच्याकडे बघतात, त्यावरून हॉटेल कोणाचं आहे हे मला लगेच समजलं. ही एकच गोष्ट त्या मुक्कामात मला वेळेवर समजली.

काय काय येतं, असं हरिभाऊंनी विचारलं. मी सूप, कटलेट, पुडिंग अशी माळ सुरू केली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, वडाभात येतो का? मी ठणकावून सांगितलं, उत्तम येतो. वडाही येत होता, भातही येत होता. दुसऱ्या दिवशी करून आणायचं ठरलं.

मी बटाटेवडे तळले, भात मोकळा शिजवला आणि ताटात दोघांना शेजारी बसवलं. वर कोथिंबिरीची काडी. गंगामायनं बराच वेळ ताट न्याहाळलं. मग वडे खाल्ले आणि भात तसाच परत केला. वडाभात म्हणजे भरड डाळींचे वडे तळून, कुस्करून गरम भातावर घालतात आणि वरून हिंग-मिरचीची कडकडीत तेलाची फोडणी ओततात, हे मला संध्याकाळी मेश्रामच्या बायकोनं सांगितलं आणि करूनही घातलं. आपल्याकडे भातावर खोबऱ्याचं दूध ओततो त्याच प्रेमानं हे लोक तेल ओततात. मी तीनदा मागून घेतला. नारळाशिवाय माणूस जगू शकतो याचा तो पहिला पुरावा.

मला वाटलं, संपलं, आता रुमालावर बसायचं. पण हरिभाऊंनी निरोप पाठवला. त्यांच्या पारशिवनीकडच्या शेतात नव्या विहिरीला पाणी लागलं होतं. ते लागावं म्हणून गंगामायनं मारुतीला रोडग्याचा नवस बोलला होता. तो फेडायचा होता, गावजेवण होतं. रोडगे घरचे पुरुष करणार, वांग्याची भाजी मी करायची. भाजी जमली तर नोकरी, नाही जमली तर गाडीभाडं देऊन रवानगी. हरिभाऊ म्हणाले होते म्हणे, की ताट सजवता येतं हे पाहिलं, आता गंज भरून करता येतं का तेही पाहू. गंज म्हणजे आपलं पातेलं, पण आपण ज्यात पोर बसवून आंघोळ घालू शकू एवढं.

पारशिवनी

आम्ही टालीच्या ट्रकमधून पहाटे निघालो. मागं गोवऱ्या, पिठाची पोती, वांगी, आणि त्या सगळ्यावर मी आणि मेश्राम. मेश्राम खुशीत होता. त्याला नवसाशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या घरी छप्पन साली देव उतरवले ते उतरवलेच. "पाया पडणार नाही, जेवणार मात्र," असं त्यानं हरिभाऊंना आधीच सांगून टाकलं होतं. मला मात्र तो हळूच म्हणाला होता, पंगतीत कुठं बसवतात ते पाहून जेवायचं की नाही ते ठरवीन. पंगतीच्या वेळी गंगामायनं त्याला नाव घेऊन हाक मारली आणि हरिभाऊंच्या शेजारी बसवलं. पण तोवर बरंच काही होऊन गेलं होतं.

शेत सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. वैशाखात तिकडचं शेत भाजलेल्या पापडासारखं दिसतं. पण मधोमध मोहाचं मोठं झाड, त्याच्या पलीकडं शेंदराचा मारुती आणि बांधाशी नवी विहीर. खाली वाकून पाहिलं तर पाणी होतं. प्रत्येक येणारा आधी विहिरीत डोकवायचा, "हाव, आहे," म्हणायचा आणि मगच मारुतीकडं जायचा.

रोडगा आपल्याकडं नाही. जाडसर कणकेला तेल लावून घड्या घालायच्या, मूठभर गोळे वळायचे आणि पेटलेल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे. भाजले की राख झटकायची, फडक्यानं पुसायचे आणि फोडून तूप ओतायचं. सगळं काम पुरुषांचं. बायका सावलीत बसून सूचना करतात. आपल्याकडं वर्षभर उलट चालतं, त्यामुळं मला ते फार न्यायाचं वाटलं.

तीन दगडांवर माझा गंज चढला. इथं सांगायला हवं की मी त्या सकाळी खरोखर चांगला स्वयंपाक करत होतो. तेल ओतलं, कांदा तांबूस केला, तिकडचा काळा मसाला तिकडच्याच माणसाच्या हातानं घालून घेतला, आईची दोन कोकमं कोणाचं लक्ष नाही बघून सोडली. वांगी शिजत आली. घमघमाट सुटला. हरिभाऊंचे चुलतभाऊ नामदेव रोडगे सोडून माझ्या गंजापाशी दोनदा रेंगाळून गेले.

आमच्या शिक्षकांचं एक वाक्य होतं, खिशात चमचा नाही तो शेफ नाही. माझ्या खिशात चमचा होता. मी तो गंजात बुडवला, फुंकर घातली, शिकवलं होतं तसे डोळे मिटले आणि भाजी जिभेवर घेतली.

डोळे उघडले तेव्हा सगळ्यांची कामं थांबली होती. नामदेवच्या हातातला रोडगा हातातच होता. हरिभाऊ आईकडं बघत होते. आई माझ्याकडं बघत होती.

आता तुम्ही म्हणाल, हे तुला माहीत नव्हतं का? होतं ना. आमच्या घरी गौरीच्या नैवेद्याला आई वाससुद्धा घेऊ देत नाही, आम्हा पोरांना अंगणात हाकलते. पण घरी मी मुलगा असतो आणि कोट घातला की शेफ. शेफला देव आठवला नाही.

"चाखली का?" गंगामायनं विचारलं.

मी हो म्हणालो. त्यानंतर गप्प राहायचं तर माझ्या तोंडून, विद्यार्थी परीक्षकाला सांगतो तसं, स्वच्छ निघालं, "मीठ थोडं कमी आहे."

आणि चाखलीच आहे तर पुरं करावं म्हणून मी बाजूच्या डब्यातून मीठही घातलं. तेवढ्यात दोघांनी कडीत बांबू घालून गंज उचलला, मोहाच्या झाडामागं नेऊन ठेवला आणि त्यावर डालं पालथं घातलं. जणू आत कोंबडी होती. मला कोणी रागावलं नाही. त्यानं मी जास्त घाबरलो. फक्त एवढं ठरलं की नवी भाजी चढणार, ती नामदेव आणि हरिभाऊ करणार आणि मी चुलीपासून दूर राहणार. पण आधी वांगी पाहिजेत. ती मी आणायची.

मी आणि मेश्राम शेजारच्या मळ्यात गेलो. तिथल्या बाईनं विचारलं की सकाळीच तर तुमच्या ट्रकमधून वांगी येताना पाहिली, परत कायले? मी काही तरी गोलमाल बोलणार तोच मेश्रामनं सगळं साभिनय सांगितलं. डोळे मिटून चाखण्याचा भाग त्यानं दोनदा केला. बाई पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं मी कुठला ते विचारलं. समुद्राकडचा म्हटल्यावर तिला सगळा उलगडा झाला. तिकडं मासोळी खातात ना, ती म्हणाली, तिकडचे देव चालवून घेत असतीन. तिनं वांगी दिली, दुपट्ट्यात बांधूनही दिली, आणि आम्ही बांध ओलांडेपर्यंत तिचं हसणं मागून येत होतं.

"तुहं काही खरं नाही गा," मेश्राम म्हणाला. "आम्ही देव सोडले, तर ते निस्ते सोडले. तू त्यायच्या तोंडचं खाल्लं."

परत आल्यावर मी बांधावर बसलो. तिथून चूल दिसत होती. डोक्यात जिल्हा परिषद. टेबल, टाचणी, साहेबांचा चहा. दुसरी भाजी रटरटत होती. तेवढ्यात नामदेवनं मीठ टाकलं, ओंजळभर, आणि ते रोडगे उलटायला गेले. हरिभाऊ आले. त्यांनी गंजात पाहिलं, मिठाचा डबा पाहिला, आणि तेवढंच मीठ त्यांनीही टाकलं.

मी उठलो. तोंड उघडलं. मेश्रामनं कोटाला धरून मला खाली ओढलं.

"गपचिप बस. तुह्या तोंडानंच झालं हे सगळं."

मी बसलो. काही भीतीनं आणि, खरं सांगतो, काही मजेनं. आता ती भाजी कोणालाच चाखता येणार नव्हती.

नैवेद्य दाखवला. मारुतीनं तक्रार केली नाही. आरती झाली, पळसाच्या पत्रावळी मांडल्या, पंगत बसली. तिकडं आग्रह असा करतात की नको म्हणणाऱ्याच्या पानात दुप्पट पडतं. आणि प्रसादाला नाव ठेवायचं नाही, पानात टाकायचं नाही, हे दोन नियम तर आपल्यासारखेच. लोकांनी रोडगा फोडला, तूप घातलं, भाजीशी कालवला आणि पहिला घास घेतला.

मी आयुष्यात एवढी शांत पंगत पाहिलेली नाही. एक म्हातारबुवा बराच वेळ मारुतीकडं बघत राहिले. नामदेवनं हरिभाऊंकडं पाहिलं, हरिभाऊंनी नामदेवकडं, आणि दोघांनाही एकदमच काय ते समजलं. "छान झाली," कोणीतरी म्हणालं. "हाव, प्रसाद आहे," दुसऱ्यानं दुरुस्ती केली. मग पाणी मागणं सुरू झालं. विहिरीवरचा रहाट थांबेना. हरिभाऊंच्या नव्या विहिरीची परीक्षा त्या दुपारी पूर्ण झाली. पाणी पुरलं.

पहिला उठला मेश्राम. हात धुऊन येतो म्हणाला आणि विहीर डावीकडं असताना उजवीकडं गेला. बऱ्याच वेळानं आला तेव्हा मिशा पुसत होता. माझ्याकडं बघून त्यानं डोळा मारला. मग नामदेव गेले, हातात कोरडा रोडगा लपवून. मग ते म्हातारबुवा. मग तर हात धुवायला मोहाच्या झाडामागं रांगच लागली. डाल्याखालचा माझा उष्टा गंज! एक जण येताना दुसऱ्याला समजावत होता, देवाले उष्टं चालत नाही, पण माणसाले काय होते? शेवटी हरिभाऊही गेले. मालक असल्यामुळं ते चोरून गेले नाहीत, धोतर झटकत, शेताची पाहणी करत गेले आणि पाहणी झाडापाशी संपली.

बांधावर बसल्या बसल्या मी हळूहळू फुगू लागलो. कोट नीट केला. ट्रंकेतली टोपी सोबत आणली नाही याचं वाईट वाटलं. जिल्हा परिषदेचं टेबल डोळ्यांपुढून नाहीसं झालं आणि त्या जागी सक्करदऱ्याचं हॉटेल दिसू लागलं, दारात गर्दी, आत मी.

पंगतीत फक्त गंगामाय उरली होती. नवस तिचा होता. तिनं पानातली खारट भाजी शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ली, पाणी प्यायली, हात जोडले. मग काठी टेकत उठली आणि तीही झाडामागं गेली. मी तिच्या मागं गेलो. गंजात तळाशी थोडंसं चिकटलं होतं. रोडग्याच्या तुकड्यानं ती ते पुसून खात होती. सावकाश, डोळे उघडे ठेवून.

"तू बांधावरून पाहून राहिला होता ना, दोघाईनं मीठ टाकताना?" तिनं मागं न बघता विचारलं.

मी हो म्हणालो.

"मंग बोलला काहून नाही?"

मी म्हणालो, भीती वाटली. हे अर्धंच खरं होतं, पण उरलेलं अर्धं तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. हरिभाऊ तिथंच होते. ते म्हणाले, "माय, याले ठेवू का मंग?"

"ठेव. पण देवाचं याच्याकडून करून घेऊ नको. गिऱ्हाइकाचंच करू दे."

झालं! मी शेफ झालो. वाकून तिच्या पाया पडलो. इथंच थांबलो असतो तर आज हे लिहिताना आणि परत जायला ट्रंक भरताना माझी मान ताठ राहिली असती. पण शेफला गिऱ्हाइकाच्या तोंडून दोन शब्द ऐकल्याशिवाय राहवत नाही. मी वर मान करून विचारलं, भाजी एवढी आवडली का सगळ्यांना?

गंगामायनं शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बोटं पदराला पुसली.

"भाजी काही खास नव्हती, बापा," ती म्हणाली. "मीठ बरोबर होतं, म्हणून गेले लोकं."